व्याख्यान आपले, पडदा कोणाचा?

आपल्या व्याख्यानमालेतले प्रत्येक व्याख्यान हल्ली दोन ठिकाणी ऐकले जाते. एकदा सभागृहात, खुर्चीवर बसून. आणि दुसऱ्यांदा घरी, मोबाइलच्या पडद्यावर. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही अशा आजी, बदली होऊन नाशिकला गेलेला मुलगा, न्यू जर्सीतली लेक हे सगळे त्या दुसऱ्या सभागृहातले श्रोते. पहिल्या सभागृहाचे भाडे आपण भरतो, चावी कोणाकडे आहे हे आपल्याला ठाऊक असते, वीज गेली तर कोणाला फोन करायचा तेही माहीत असते. दुसऱ्या सभागृहाचे भाडे कोणी मागत नाही. चावी मात्र कॅलिफोर्नियात असते.

ते दुसरे सभागृह कसे चालते, त्याची चावी आपल्याजवळ ठेवण्याची काही सोय जगात झाली आहे का, आणि बमरोली, पांडेसरा, उधना या भागांत राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना तिचा कितपत उपयोग आहे, एवढे या लेखात सांगायचे आहे. संगणकाची विशेष माहिती नसलेल्या वाचकांनाही समजेल अशा बेताने लिहीत आहे.

फुकटचे सभागृह

यूट्यूब २००५ साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी गूगलने ते १६५ कोटी डॉलरना विकत घेतले. थेट प्रक्षेपणासाठी प्रसिद्ध असलेले ट्विच अॅमेझॉनने २०१४ साली सुमारे ९७ कोटी डॉलरना घेतले. फेसबुकवरूनही थेट प्रक्षेपण होते. एवढा पैसा ओतून उभे केलेले हे मंच आपल्याला विनामूल्य मिळतात, कारण त्यांची कमाई जाहिरातींतून होते. या सोयीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पंचवीस वर्षांपूर्वी सुरतेतल्या एका मंडळाने आपले व्याख्यान त्याच क्षणी अमेरिकेत दाखवायचे म्हटले असते, तर लोक हसले असते.

पण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचे, तर ओंजळ कधी उघडायची हे तो दुसराच ठरवतो. याचे तीन प्रकार आपण पाहिले आहेत.

पहिला प्रकार यंत्राच्या चुकीचा. यूट्यूबवर गाण्यांच्या मालकी हक्कासाठी एक स्वयंचलित तपासणी चालते. ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी आपले मूळ मुद्रण यूट्यूबला देते. यंत्र त्याचा जणू अंगठ्याचा ठसा घेते आणि चढवल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्रफितीशी तो ताडून पाहते. चोरी पकडायला हे उपयोगी आहे. मात्र वक्ता येण्याआधी सभागृहात लावलेली सनई किंवा मध्यंतरातले एखादे भावगीत माइकमध्ये शिरले, तर यंत्राच्या लेखी तोही ठसा जुळतो. मग चित्रफितीवर कोणाचा तरी दावा लागतो, आवाज बंद होतो किंवा थेट प्रक्षेपण मध्येच तुटते. दाद मागता येते. पण ती मागेपर्यंत व्याख्यान संपलेले असते.

दुसरा प्रकार धोरणाचा. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रपट बनवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते तयार करणाऱ्या नेदरलँड्समधल्या ब्लेंडर फाउंडेशनच्या यूट्यूबवरच्या चित्रफिती जून २०१८ मध्ये जगभर दिसेनाशा झाल्या. संस्थेने कोणाचे काही चोरले नव्हते. तिला आपल्या चित्रफितींवर जाहिराती नको होत्या, आणि त्यावरून कंपनीशी करार अडला होता. काही दिवसांनी चित्रफिती परत आल्या, पण तोवर त्या संस्थेने स्वतःचा वेगळा मंच उभारायला घेतला होता. त्याकडे पुढे येतोच.

तिसरा प्रकार सरकारी निर्णयाचा. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते. बंदी योग्य की अयोग्य हा निराळा विषय. आपल्यापुरते एवढेच, की खानदेशातल्या कितीतरी मुलामुलींनी अहिराणीत केलेले विनोद, गाणी, नकला त्या एका पेटीत होत्या, आणि पेटी बंद झाली. ज्यांनी आपल्या कामाची प्रत फोनमध्ये ठेवली होती त्यांनी ती दुसरीकडे नेली. बाकीच्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्याआधी ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलचे ऑर्कुट बंद झाले, तेव्हा सरकारचा काही संबंध नव्हता. कंपनीने ते बंद करायचे ठरवले, एवढेच कारण पुरले.

गुजरातने हे आधी करून पाहिले आहे

आपला पडदा आपण चालवावा, ही कल्पना इंटरनेटच्या पोटी जन्मलेली नाही. तिचा एक महत्त्वाचा प्रयोग आपण राहतो त्याच राज्यात झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवण्यात आले. ‘साइट’ या नावाने तो प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याच सुमारास अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने खेडा जिल्ह्यातल्या पीज या गावी एक छोटे प्रक्षेपण केंद्र उभारले. साइट वर्षभरात संपली, पीज पुढेही चालू राहिले. मजुरी, सावकारी, दारू, अस्पृश्यता असे त्या जिल्ह्यातलेच प्रश्न, त्यांचीच बोली, आणि कित्येकदा काम करणारे गावकरीही तिथलेच, असे ते कार्यक्रम असत. या खेडा प्रकल्पाला १९८४ साली ग्रामीण संपर्कासाठीचे युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. ऐंशीच्या दशकातच पीजचे प्रक्षेपण थांबले. लोकांना ते हवे होते. पण प्रक्षेपकाची मालकी त्यांची नव्हती आणि निर्णय दिल्लीत झाला.

१९८४ सालीच अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने व्हिडिओ सेवा सुरू केली. अमेरिकेतून आलेल्या मार्था स्टुअर्ट यांनी स्त्रियांना कॅमेरा शिकवला. त्यांच्यात भाजी विकणाऱ्या आणि अक्षरओळख नसलेल्या बायकाही होत्या. आपले प्रश्न आपणच चित्रित करून वस्तीत आणि अधिकाऱ्यांपुढे दाखवायचे, असे ते काम. आपल्या सख्ख्या शेजारच्या मालेगावात, जिथले माग आणि सुरतेतले माग यांचे नाते जुने आहे, नासिर शेख यांनी स्थानिक कारागिरांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला आणि तो तिथल्याच व्हिडिओगृहात चालवला.

नव्वदच्या दशकात सुरतेत केबल आली. गल्लीतला केबलवाला आपल्या वाहिनीवर गणपतीची मिरवणूक आणि गरबे दाखवू लागला. १९९५ साली केबलचा कायदा झाला. पुढे ३१ मार्च २०१३ ही डिजिटल केबलची अंतिम तारीख ठरलेल्या ३८ शहरांत सुरत होते. घरोघरी सेट टॉप बॉक्स बसला, चित्र स्वच्छ झाले, आणि कोणती वाहिनी कुठे दिसावी हे ठरवणारी यंत्रणा गल्लीतून उठून मोठ्या वितरकांकडे गेली.

या सगळ्यांतून एक गोष्ट दिसते. कॅमेरा लोकांच्या हातात येणे पुरेसे नसते. पुढचा रस्ता, म्हणजे प्रक्षेपक, तार किंवा सर्व्हर, ज्याच्या ताब्यात, त्याच्या मर्जीवर कार्यक्रम टिकतो.

विकेंद्रित म्हणजे काय

ईमेलचे उदाहरण घेऊ. तुमचा ईमेल एका कंपनीकडे असतो, माझा दुसऱ्या कंपनीकडे, एखाद्या विद्यापीठाचा त्याच्या स्वतःच्या यंत्रावर. तरीही पत्रे एकमेकांना पोहोचतात, कारण पत्र कसे पाठवायचे याचे नियम सगळ्यांना खुले आहेत. यूट्यूबवरच्या खात्याचे तसे नाही. तिथला सदस्य तिथेच.

ईमेलसारखेच खुले नियम समाजमाध्यमांसाठी असावेत म्हणून अॅक्टिव्हिटीपब नावाचे नियम तयार झाले. जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने त्यांना मान्यता दिली. त्यांच्या आधारे चालणारे चित्रफितींचे सॉफ्टवेअर म्हणजे पीअरट्यूब. फ्रान्समधली फ्रामासॉफ्ट ही ना-नफा संस्था लोकांच्या देणग्यांवर ते तयार करते. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती ऑक्टोबर २०१८ मध्ये आली, आणि जानेवारी २०२१ च्या आवृत्तीत थेट प्रक्षेपणाची सोय झाली. हे सॉफ्टवेअर कोणीही विनामूल्य घेऊन आपल्या सर्व्हरवर बसवू शकतो. असे अनेक सर्व्हर जगभर आहेत. प्रत्येकाचा मालक वेगळा, नियम वेगळे. पण एका सर्व्हरवरून दुसऱ्यावरच्या चित्रफिती शोधता, पाहता येतात. ब्लेंडर फाउंडेशनने २०१८ मध्ये उभारलेला मंच हाच. फ्रान्सच्या शिक्षण खात्यानेही शिक्षकांसाठी पीअरट्यूबच वापरले आहे.

फक्त थेट प्रक्षेपण करायचे असेल, तर ओनकास्ट नावाचे त्याहून साधे सॉफ्टवेअर २०२० पासून उपलब्ध आहे. एक संस्था, एक वाहिनी, शेजारी प्रेक्षकांच्या गप्पांची चौकट, एवढाच त्याचा पसारा.

भारतातही आपल्या वाटेने जाणारे आहेत. २००८ साली मुंबईच्या ‘कॅम्प’ या कलावंतांच्या गटाने बर्लिन आणि बंगळूरच्या सहकाऱ्यांबरोबर पॅड.मा हा चित्रफितींचा खुला संग्रह सुरू केला. माहितीपट बनवताना जे कच्चे चित्रीकरण उरते आणि एरवी फेकले जाते, ते तिथे टिपणांसह ठेवले जाते. त्यासाठी लिहिलेले सॉफ्टवेअरही त्यांनी सर्वांना मोकळे केले आहे. कोणत्या मिनिटाला काय बोलले गेले याची नोंद असल्यामुळे हव्या त्या वाक्यापर्यंत थेट जाता येते. व्याख्यानांच्या संग्रहाला याहून उपयोगी सोय सुचत नाही.

थोडे गणित

सभागृहातून प्रक्षेपण होते तेव्हा काय घडते ते पाहू. कॅमेरा लॅपटॉपला जोडतात. लॅपटॉपवर ओबीएस नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर चित्र आणि आवाज एकत्र करून त्याची एक धार सर्व्हरकडे पाठवते. सर्व्हर त्या धारेचे काही सेकंदांचे तुकडे करतो आणि प्रेक्षकांचे फोन ते तुकडे एकामागून एक उचलतात.

बोलणारा माणूस नीट दिसावा यासाठी सेकंदाला सुमारे २० लाख बिट, म्हणजे दोन एमबीपीएस, पुरतात. सभागृहातून वर जाणारी धार ही एकच. पन्नास माणसे पाहत असतील तर सर्व्हरला मात्र तीच धार पन्नास वेळा द्यावी लागते, म्हणजे १०० एमबीपीएस. घरच्या इंटरनेटवरून हे पेलणे कठीण. म्हणून सर्व्हर भाड्याने घेतात. दीड तासाच्या व्याख्यानाचा आकार या हिशेबाने सुमारे १३५० एमबी होतो, आणि पन्नास प्रेक्षकांसाठी एकूण वाहतूक साधारण ६७ जीबी. लहान सर्व्हरच्या नेहमीच्या मासिक योजनेत एवढी वाहतूक आरामात बसते. पाच हजार प्रेक्षक आले तर बसणार नाही. पण पाच हजार श्रोत्यांची काळजी आपल्याला इतक्यात नाही!

इथे पीअरट्यूबची एक युक्ती कळण्याजोगी आहे. एकच चित्रफीत एकाच वेळी पाहणाऱ्यांचे फोन किंवा संगणक आपल्याकडे आलेले तुकडे एकमेकांनाही देतात. पंगतीत वाढप्याने एकट्याने सगळ्यांना वाढण्याऐवजी भांडे हातोहात पुढे सरकवावे, तसे. गर्दी वाढली की मदतीचे हातही वाढतात. या युक्तीची दुसरी बाजूही सांगायला हवी: एकमेकांना तुकडे देणाऱ्या यंत्रांना एकमेकांचे इंटरनेटवरचे पत्ते दिसतात, आणि मोबाइलचा डेटा थोडा जास्त खर्च होऊ शकतो. ज्यांना नको त्यांना ही सोय बंद करता येते.

प्रत किती ठिकाणी आहे?

या विषयाचे मर्म मला एका जुन्या ग्रंथाच्या कथेत सापडते. आचार्य वीरसेनांनी नवव्या शतकात षट्खंडागमावर ‘धवला’ ही विशाल टीका लिहिली. काळाच्या ओघात तिच्या ताडपत्रावरच्या जुन्या प्रती कर्नाटकातल्या मूडबिद्री या एकाच ठिकाणी उरल्या. शतकानुशतके यात्रेकरू तिथे जात, ताडपत्रांचे दर्शन घेत आणि परतत. वाचणारे जवळजवळ कोणी नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरतेत जन्मलेले मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यात्रेसाठी तिथे गेले. पाने जीर्ण होत चालली आहेत हे त्यांनी पाहिले आणि सोलापूरच्या हिराचंद नेमचंद यांच्यासह नकला करवून घेण्याचा ध्यास घेतला. नकलांचे काम कित्येक वर्षे चालले. पण त्या प्रती मूडबिद्रीबाहेर जाऊ नयेत अशी तिथल्या मंडळींची इच्छा होती. नकलाकारांपैकी गजपती उपाध्याय यांनी आणखी एक प्रत गुपचूप तयार केली आणि ती बाहेर पडली. तिच्यापासून झालेल्या नकला पुढे ठिकठिकाणी पोहोचल्या. त्यांच्या आधारे प्रा. हिरालाल जैन यांनी संपादन केले आणि १९३९ साली पहिला खंड विदर्भातल्या अमरावतीहून प्रसिद्ध झाला.

मूडबिद्रीच्या लोकांनी ग्रंथ सांभाळला, त्यांचे ऋण आहेच. तरी तो वाचला तो प्रती वाढल्यामुळे. आपल्या परंपरेत ग्रंथाच्या नकला करवून निरनिराळ्या भांडारांना देणे हे शास्त्रदान मानले जाई; पाटणचे भांडार, खंभातचे भांडार, जेसलमेरचे भांडार अशी ती व्यवस्थाच विकेंद्रित होती.

याची आपल्या शहरातली बाजू वेगळी सांगायला नको. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेचा फार मोठा भाग पाण्यात होता. तळमजल्यावरच्या कपाटांतून किती लग्नांच्या कॅसेट, किती अल्बम, किती मंडळांची दप्तरे चिखलात गेली! परदेशी कंपनीवर विसंबणे धोक्याचे, तसेच एका कपाटावर विसंबणेही धोक्याचे.

अडचणी

विकेंद्रित मार्गाची भलावण करणारे बहुधा त्याच्या अडचणी हळू आवाजात सांगतात. त्या मोठ्याने सांगितलेल्या बऱ्या.

पहिली, प्रेक्षक आपोआप येत नाहीत. यूट्यूब अनोळखी माणसालाही आपले व्याख्यान सुचवते. आपल्या सर्व्हरवर तोच येतो ज्याला पत्ता माहीत आहे. दुसरी, सांभाळणारा माणूस लागतो. युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण कार्यालयाने एप्रिल २०२२ मध्ये पीअरट्यूबवर आधारलेला मंच प्रायोगिक म्हणून सुरू केला आणि मे २०२४ मध्ये तो बंद केला, कारण पुढे चालवायला संघाची दुसरी कोणती संस्था पुढे आली नाही. जिथे एवढ्या मोठ्या संघटनेची ही गत, तिथे आपल्या मंडळाने उत्साहाच्या भरात उडी घेऊ नये. तिसरी, विकेंद्रित म्हणवणारे सगळेच सारखे नसतात. आभासी नाणी वाटून चित्रफितींचा मंच चालवणाऱ्या अमेरिकेतल्या एलबीआरवाय कंपनीविरुद्ध २०२२ मध्ये तिथल्या भांडवली बाजाराच्या नियामकाच्या बाजूने निकाल लागला आणि कंपनीला गाशा गुंडाळावा लागला. चित्रफितीबरोबर नाणे मिळत असेल तर आपण दोन पावले मागे सरावे हे बरे.

चौथी अडचण जबाबदारीची. सर्व्हर आपला झाला म्हणून लेखाधिकाराचा कायदा सुटत नाही. दुसऱ्यांना चित्रफिती चढवू दिल्या तर त्यांच्या मजकुराची उस्तवारही आपल्यामागे लागते. म्हणून मंडळापुरताच, आपल्याच कार्यक्रमांसाठी सर्व्हर ठेवणे शहाणपणाचे.

मग करावे काय?

यूट्यूब सोडून द्या, असे मी सुचवणार नाही. ते चौकातले फलक आहे, फलक असावा. घराची कागदपत्रे मात्र कोणी फलकाला टांगून ठेवत नाही.

सर्वांत आधी, प्रक्षेपण करतानाच मूळ चित्रण लॅपटॉपवर साठवावे. ओबीएसमध्ये प्रक्षेपण आणि मुद्रण एकाच वेळी होते. नंतर यूट्यूबवरून उतरवून घेऊ म्हणून थांबू नये. वीस व्याख्याने सुमारे २७ जीबी होतात, म्हणजे ३२ जीबीच्या एका पेन ड्राइव्हमध्ये मावतात. कायमच्या साठवणीसाठी मात्र हार्ड डिस्क घ्यावी, आणि तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी असाव्यात: एक मंडळाच्या कार्यालयात, एक शहराच्या उंचावरच्या भागातल्या एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी, एक सुरतेबाहेर. वर्षातून एकदा त्या लावून पाहाव्यात, कारण न उघडलेली डिस्क बिघडली आहे हे कळायला मार्ग नसतो.

दुसरे, प्रत्येक वक्त्याकडून एका ओळीची लेखी परवानगी घ्यावी: व्याख्यान मंडळ कोठेही साठवू आणि दाखवू शकेल. मध्यंतरात संगीत लावायचे असेल तर मुद्रण थांबवून लावावे. प्रत्येक चित्रफितीसोबत वक्त्याचे नाव, तारीख, विषय आणि दर दहा मिनिटांना काय बोलले गेले याची मराठीत नोंद ठेवावी. हे काम निवृत्त मंडळी उत्तम करतील.

तिसरे, मंडळाने स्वतःच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता घ्यावा आणि सभासदांना तोच कळवावा. आज तो पत्ता यूट्यूबकडे नेईल, उद्या आपल्या सर्व्हरकडे. आजींना सवय एकाच पत्त्याची राहील.

चौथे, पुढच्या वर्षी एकाच व्याख्यानाचे प्रक्षेपण ओनकास्टवरून, यूट्यूबच्या जोडीने करून पाहावे. आपल्या घरांत संगणक शिकलेली मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांतल्या दोघांना हे काम द्यावे. एकालाच देऊ नये, कारण तो पुण्याला नोकरीला गेला की पासवर्डही पुण्याला जातो. खर्च, किती जणांनी पाहिले, किती वेळा तुटले याची नोंद करून ती कार्यकारिणीपुढे ठेवावी. तिच्यावरून स्वतःचे पीअरट्यूब हवे की नको, की दोन-चार गावांच्या मराठी मंडळांनी मिळून एक सर्व्हर चालवावा, हे ठरवता येईल. बडोदे, अहमदाबाद, नवसारी इथली मराठी मंडळी काही परकी नाहीत.

हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारील. खानदेशातून इथे येऊन मागावर उभ्या राहिलेल्या पहिल्या पिढीचे लोक आता थोडे उरले आहेत. त्यांची मराठी, त्यांची अहिराणी, इथली गुजराती मिसळलेली त्यांची बोली कोणत्याही पुस्तकात नाही. आपल्या व्यासपीठावर ते जे बोलतात तेवढेच तिचे मुद्रण. या वर्षी त्यांच्यातले जे बोलले, त्यांची मूळ फीत कोणाकडे आहे, ही चौकशी या आठवड्यातच करावी. सापडली की तिच्या दोन प्रती काढाव्यात.